काकाजींच्या दारातलं तिकीट

आमच्या घरमालकांचं डोकं ठिकाणावर नाही, असं माझं लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ठाम मत झालं होतं आणि ते मी नवऱ्याला ऐकवूनही टाकलं होतं. तो नुसता हसला. म्हणाला, रेल्वेनं त्यांना रिटायर केलं, पण त्यांनी रेल्वेला कुठं केलंय?

झालं होतं असं. इतवारीतल्या त्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही दोन खोल्या घेतल्या होत्या. मी बाजारातून येत होते, दोन्ही हातांत पिशव्या, नागपूरचं ऊन मी म्हणत होतं. दारात लाकडी खुर्ची टाकून घरमालक बसले होते. अंगात बंडी, खाली पांढरा पायजमा आणि एवढ्या उकाड्यात डोक्यावर रेल्वेची काळी टोपी. सारी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची. मी वाट काढून आत शिरणार तोच त्यांनी हात आडवा केला.

"तिकीट?"

मी पाहतच राहिले. मग त्यांनीच समजावलं. बाहेर गेलं की काहीतरी पाहून यायचं, ते दारात सांगायचं आणि मग आत जायचं, हा या घरचा नियम. मी म्हटलं, मी काहीच पाहिलं नाही.

"म्हंजे विदाऊट आली तू," काकाजी म्हणाले. "माहेर कोणतं तुयं?"

"पारशिवनी."

"मंग बरोबर हाये. पारशिवनीले स्टेशनच नाही. तुले तिकिटाची सवय कुठून असन?" असं म्हणून त्यांनी हात बाजूला घेतला. "आजच्या दिवस सोडतो. चलो, आगे चलो."

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी स्टेशनच्या फाटकात उभं राहून उतारूंची तिकिटं गोळा केली होती. त्यामुळे 'चलो, आगे चलो' हे ते असं म्हणायचे की माणूस पुढे सरकलाच पाहिजे. त्या दिवशी मीही मुकाट्यानं जिना चढले आणि वर जाऊन पिशव्या आपटल्या. पारशिवनीला आमच्या दारातून शेत दिसायचं, पलीकडे चिंचांची ओळ दिसायची, पावसाळ्यात बगळे उतरायचे. इथं पाहण्यासारखं काय होतं? समोर पिठाची चक्की, बाजूला गटार आणि वर विजेच्या तारांचा गुंता. म्हाताऱ्याला दुसरा उद्योग नाही, असं मी मनात म्हटलं. मनातच म्हटलं, कारण घरमालक होते.

तिकिटाचे कायदे कडक होते. पाहिलेलं आजचं हवं आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं हवं. ऐकीव माल चालत नसे. तक्रार चालत नसे. मी एकदा रागानं गटार तुंबल्याचं सांगितलं, तर ते म्हणाले, हे मुन्शिपाल्टीच्या खिडकीवर दे, इथं नाही. सिनेमातलं सांगितलं तर पडद्यावरचं बाद. आदल्या दिवशीचं कोणी खपवायला गेलं की ते लगेच ओळखायचे आणि म्हणायचे, ह्याच्यावर कालची तारीख हाये. आमचा दूधवाला रोज एकच तिकीट द्यायचा: म्हैस बरी आहे. काकाजींनी शेवटी त्याला मंथली पास दिला.

माझा नवरा गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात कामाला होता. मुळात अबोल माणूस. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून घरी येईपर्यंत त्याचं तोंड मिटलेलं असायचं. पण काकाजींच्या दारात तो बोलायचा. एकदा त्यानं सांगितलं की एक बाई आली, तिनं सगळ्यांत भारी लुगडं मागितलं, मांडीवर घेतलं, काठावरून हात फिरवला आणि घ्यायचं नाही म्हणून स्वतःच इतकी सुरेख घडी घालून परत दिलं की शेटजीनंही मान डोलावली. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. मला यातलं त्यानं कधीच काही सांगितलं नव्हतं. मला थोडा रागच आला, पण त्या रात्री वाढताना मी त्याला विचारलं, त्या लुगड्याचा रंग कोणता होता?

काकाजी ही तिकिटं कोणासाठी गोळा करतात हे मला महिनाभरानं कळलं.

घरात काकीजी होत्या. काही वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून त्या मधल्या खोलीत खाटेवर होत्या. त्या खोलीला खिडकी नव्हती, वर कौलात एक काच होती तेवढीच. समोरची खोली मोकळी, हवेशीर, रस्त्याला लागून. तिथं खाट टाकू म्हणून काकाजींनी हात जोडले होते, पण काकीजी हटून बसल्या. एका बाजूनं तोंड वाकडं झालं होतं. रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्यांनी आपलं असं तोंड पाहू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मानी बाई होती. मग काकाजी म्हणाले, बरं, तू बाहेर येत नाहीस तर बाहेरचं आत येईल.

दिवेलागणीला ते देवापाशी दिवा लावायचे, टोपी काढून खुंटीला अडकवायचे आणि खाटेशेजारी बसून म्हणायचे, "ऐक, आजची गाडी आली." मग दिवसभराची तिकिटं एकेक करून सांगायचे. पदरचं काही घालायचे नाहीत. ज्यानं जसं दिलं तसं. सगळं सांगून झालं की काकीजी त्यातलं एक निवडायच्या. त्यांची जीभ जड झाली होती, पण एक शब्द स्पष्ट यायचा. "ठेव," म्हणायच्या. म्हणजे ते त्या दिवसाचं तिकीट. बाकीची गेली तरी चालतील.

हे मला कळलं कारण हळूहळू काकीजींनी मला आत येऊ दिलं. मी त्यांची वेणी घालायचे. केस अजून दाट होते. पहिल्या दिवशी त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या, मीही मागूनच विंचरत राहिले आणि पारशिवनीच्या बगळ्यांचं सांगत राहिले. बोलता बोलता त्या कधी वळल्या ते माझ्या ध्यानातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी दारात काकाजी टोपी सावरत म्हणाले, काल तुझे बगळे ठेवून घेतले बरं का. मी म्हटलं, ते तर माहेरचे, जुने, नियमात बसत नाहीत. म्हणाले, "थ्या खोलीत कायदा तिचा हाये, माहा नाही."

त्या दिवसापासून मला खोड लागली. रस्त्यानं जाताना मी पाहायला लागले. काकीजींना काय आवडेल, काय त्या ठेवतील, याचा विचार करत चालायचे. संत्र्यांच्या पेटाऱ्यांवर झोपलेला हमाल आणि त्याच्या पोटावर झोपलेलं मांजर. तारेवर वाळत घातलेल्या रंगीत सुताच्या लडी आणि खालून जाताना मान तिरपी करणारा रिक्षावाला. उन्हाळ्यात वाळ्याच्या ताटीवर पाणी मारणारी मुलगी, जी प्रत्येक वेळी थोडं पाणी स्वतःवरही उडवून घ्यायची. गल्ली तीच होती. गटारही तेच होतं. पण माझं तिच्याशी भांडण मिटलं होतं आणि ते कधी मिटलं ते सांगता येणार नाही.

आता मारबतीचं सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबती निघतात. बांबू आणि कागदाच्या दोन अवाढव्य बाया, एक काळी, एक पिवळी. त्यांची वाजतगाजत मिरवणूक निघते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक ओरडतात, रोगराई घेऊन जा गे मारबत, इडापिडा घेऊन जा गे मारबत. गावाचं सगळं वाईट तिच्या पदरात घालायचं आणि गावाबाहेर नेऊन तिला जाळायचं. पिवळी मारबत आमच्या दारावरून जायची.

गल्ली अशी 'घेऊन जा' म्हणून घसा फोडत असताना काकाजी टोपी घालून दारात उभे राहायचे आणि आवाज थोडा खाली आला की खणखणीत ओरडायचे, "ठेवून जा गे मारबत!" आणि काय ठेवायचं तेही सांगायचे. ते काकीजींनी सकाळीच ठरवून दिलेलं असायचं. एका वर्षी, कोपऱ्यावरचा कडुनिंब ठेवून जा. एका वर्षी, नळाला सकाळी येणारं पाणी ठेवून जा.

हे गल्लीला अजिबात पसंत नव्हतं. मारबतीला कोणी थांब म्हणतं का? ती ठेवून गेली तर कडुनिंबच ठेवेल कशावरून, खोकला ठेवून गेली म्हणजे? समोरच्या चक्कीवाल्या मावशी सगळ्यांत जास्त चिडायच्या. दणकट बाई, केसांत कायम पीठ, मनात काही ठेवायच्या नाहीत. काकाजींचं ओरडणं झालं रे झालं की त्या मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन ओट्यावरून उतरायच्या आणि रस्त्यावरून ओवाळून टाकायच्या. "काहून असं अभद्र बोलता जी दरसाली?" म्हणायच्या. काकाजी म्हणायचे, बाई, सगळेच घेऊन जा म्हणून राहिले, ती बिचारी चुकून चांगलंही घेऊन जायची, कोणीतरी आठवण द्यायला नको?

एका वर्षी ते ओरडले, "चक्कीचा आवाज ठेवून जा गे मारबत!"

काकीजींना खाटेवर पडल्या पडल्या दिवसभर तोच आवाज ऐकू यायचा. सकाळी चक्की सुरू झाली की दिवस उगवला हे त्यांना कळायचं. मावशी मूठ वळून ओट्यावर तशाच उभ्या राहिल्या. त्या वर्षी मीठ-मोहऱ्या पडल्याच नाहीत. संध्याकाळी काकीजींसाठी भाजणीच्या पिठाचा डबा मात्र आला, आणि वर निरोप, की म्हातारीला दात नाहीत म्हणून बारीक दळलंय, दुसरं काही समजू नका.

त्याच्या पुढच्या वर्षी माझे दिवस भरत आले असताना माझं बाळ गेलं. दवाखान्यातून रिकाम्या हातानं परत आले तेव्हा दारात खुर्ची होती, काकाजी होते. मला वाटलं, आता यांनी हात आडवा केला तर मी इथंच बसकण मारीन. त्यांनी खुर्ची उचलून बाजूला घेतली. मी जवळून जाताना हळूच म्हणाले, "तुयाजवळ पास हाये बेटा. पासवाल्याले इचारत नाही."

किती दिवस मी त्या पासावर ये-जा केली कोणास ठाऊक. डोळे उघडे असायचे, पण दिसायचं काही नाही. नवरा समोर बसून जेवायचा आणि आमच्यात एक अक्षर निघायचं नाही. काकीजींची वेणी घालायचे तीही मुक्यानं. एकदा त्यांनी धड असलेला डावा हात मागे आणून माझं मनगट धरलं आणि वेणी होईपर्यंत सोडलं नाही.

मग एके दिवशी गांधीबागेतून येताना माझ्यापुढे एक ठेला चालला होता. कोणाच्या तरी लग्नातलं आरशाचं कपाट त्यावर उताणं झोपवलेलं होतं. आरसा वर. त्यात सगळं आभाळ होतं आणि त्या आभाळात एक घार फिरत होती. ठेलेवाला घामाघूम होऊन, आजूबाजूच्यांना 'हटो, हटो' करत ते आभाळ घेऊन चालला होता. मी मुकाट्यानं त्याच्यामागे चालत राहिले. माझी गल्ली मागे गेली तरी मला कळलं नाही. परत येऊन दारात उभी राहिले आणि न विचारता काकाजींना सगळं सांगितलं आणि सांगता सांगता रडले. बाळ गेल्यावर पहिल्यांदा. काकाजींनी दिवेलागणीची वाट पाहिली नाही. टोपीसकट तसेच आत गेले. आतून काकीजींचा शब्द मला जिन्यापर्यंत ऐकू आला. "ठेव."

मी त्या घरात वाचले, असं मला वाटतं. तेव्हा वाटलं नाही, आता वाटतं.

काकीजी एका उन्हाळ्याच्या शेवटी गेल्या, झोपेतच. दिवस-कार्य झालं, पाहुणे परत गेले, आणि आम्हाला वाटलं, आता खुर्ची दारात येईल. आली नाही. ती माळ्यावर गेली. टोपी खुंटीला राहिली. काकाजी मधल्या खोलीत रिकाम्या खाटेशेजारी बसून असायचे. मी ताट नेऊन ठेवायचे, ते अर्धं परत यायचं. मी तिकिटं आणत होते, घेणारं कोणी नव्हतं. एकदा हिय्या करून आत गेले आणि म्हटलं, काकाजी, आज मोठं तिकीट आहे, घ्या ना.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खिडकी बंद झाली बेटा," म्हणाले. "गाडीच नाही, तर तिकीट कोणाले देऊ?"

त्यांचा पुतण्या कन्हानला होता, खाणीच्या हापिसात. भला माणूस. दर आठवड्याला येऊन काकांची हालत पाहायचा आणि डोळे पुसायचा. त्यानं ठरवलं, पोळा झाला की काकाजींना घेऊन जायचं आणि खालचं घर बंद करायचं. काकाजींनी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. मान तेवढी हलवली. कन्हान काही लंकेत नाही, हे मलाही कळत होतं. पुतण्याची बायको दोन वेळा गरम जेवू घालील, हेही कळत होतं. पण ज्या माणसाला कोणाला काही विचारायचं उरलं नाही तो परक्या घरात भिंतीकडे तोंड करून पडेल आणि एक दिवस तसाच जाईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणाला, आपण कोण अडवणार, आपण भाडेकरू.

मारबतीच्या दिवशी पुतण्याला सुट्टी होती. तो दुपारी येणार होता. काकाजींची ट्रंक समोरच्या खोलीत भरून ठेवली होती. दार अर्धवट लोटलेलं. सकाळपासून गल्लीत पोट्टे तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घेऊन हिंडत होते. मी वरच्या गॅलरीत उभी होते. ढोल जवळ आले, पिवळी मारबत वळणावरून डुलत डुलत आली, आणि नेहमीसारखा एकच गिल्ला झाला. खोकला घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा गे मारबत.

आमच्या दाराशी आल्यावर मात्र गल्ली गप्प झाली. कोणी ठरवलं नव्हतं. इतक्या वर्षांची सवय होती, इथं एक आवाज यायचा आणि त्यासाठी सगळे थांबायचे. सगळे अर्धवट लोटलेल्या दाराकडे पाहत होते. दार हललं नाही. ढोलवालेही जरा गोंधळले.

समोरच्या ओट्यावर चक्कीवाल्या मावशी मीठ-मोहऱ्यांची मूठ घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मूठ पदरात सोडली आणि दाराकडे तोंड करून आवाज दिला, "ठेवून जा गे मारबत! आमच्या काकाजीले ठेवून जा!"

मग त्यांच्या शेजारची बाई ओरडली, मग पोट्टे, मग दूधवाला, मग रस्त्याच्या दोन्ही बाजू. ज्या शब्दांना गल्ली वर्षानुवर्षं अभद्र म्हणत आली होती तेच शब्द आज ती कंठशोष करून म्हणत होती. मीही गॅलरीचा कठडा धरून ओरडले. माझ्या शेजारी माझा अबोल नवरा ओरडत होता, त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. मारबत पुढे गेली. तिला काय समजलं तिलाच माहीत.

दुपारी पुतण्या आला, जेवला आणि काका उठायची वाट पाहत ट्रंकेवर बसून राहिला. काकाजी मधल्या खोलीतून बाहेर आलेच नाहीत. दिवेलागण झाली. काकीजी गेल्यापासून देवापाशी दिवा मीच लावत असे. दिवा लावून वळले तर आतून बोलणं ऐकू आलं. पुतण्यानं मला हातानं थांबवलं. आम्ही दोघंही दाराबाहेर उभे राहिलो.

"ऐक, आजची गाडी आली," काकाजी म्हणत होते. किती दिवसांनी तो आवाज ऐकला. "आज मी नाही वरडलो वं. पयला आवाज चक्कीवालीचा होता. मंग साऱ्या गल्लीचा. इथंवरी आला न? तू ऐकलं असशीन." मग आवाज खाली आला. "मले ठेवून जाय म्हणून राहिले होते. मले. आता काय करू, तूच सांग."

समोरची चक्की तेवढी चालू होती.

"ठेव म्हणतेस?" काकाजी म्हणाले. "बरं."

पुतण्यानं डोळे पुसले, ट्रंक उचलली आणि स्वतःच आतल्या बाजूला, खाटेखाली सरकवून ठेवली. त्या दिवशी तो एकटाच कन्हानला गेला.

दुसऱ्या दिवशी मी भाजी आणायला गेले होते. परत येताना डोक्यात नाना विचार होते, त्यामुळे रस्त्यात काय पाहिलं म्हणाल तर खरंच काही पाहिलं नाही. गल्लीत वळले आणि पाय थांबले. दारात खुर्ची होती. माळ्यावरची धूळही धड पुसलेली नव्हती. तिच्यावर काकाजी बसले होते, टोपी घालून. दाढीचे खुंट वाढलेले, बंडी गळ्यात सैल झालेली. मी जवळ गेले. हात आडवा झाला.

"तिकीट?"

पिशव्या खाली ठेवल्या. मग म्हटलं, "तुमची खुर्ची पाह्यली, काकाजी. दारात."

त्यांनी मान तिरपी करून विचार केला. डोळे भरले होते, पण कायदा म्हणजे कायदा.

"लय जवळचं तिकीट हाये," ते म्हणाले, "पण आजचं हाये. चालते." आणि हात बाजूला घेऊन म्हणाले, "चलो, आगे चलो."